सोमवारी आलेली बाटली

इथले अनुभव मी आजवर वाचले ते फक्त खाली चिडून कॉमेंट टाकायला. कुणी म्हटलं स्मशानाजवळ बाई दिसली, की मी विचारायची — चष्म्याचा नंबर काय? आमच्या घरात देवघर नव्हतं, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा गंडेदोरे विकणाऱ्यांविरुद्ध पत्रकं लिहायचे आणि आम्ही बहिणी शाळेतून आल्यावर त्यांच्या घड्या घालायचो. तेव्हा माझ्यासारखीनं इथं लिहायला बसावं, याची मला लाज वाटतेय. तरी लिहिते.

मी मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे. भिवंडीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीन वर्षं काम करतेय. काम सांगितलं की लोक नाक मुरडतात — जुलाबाच्या पेशंटची शी तपासायची, त्यातला जंतू प्लेटवर वाढवायचा, तो कोणता ते ओळखायचं. मला या कामाचा अभिमान आहे. घाण माणसाच्या पोटात आपोआप जात नाही, कुणीतरी ती नळातून पोचू दिलेली असते. जंतू सापडला की त्या माणसाकडे बोट दाखवता येतं.

पण जंतू सापडतच नव्हता. लूमच्या कारखान्यांमागच्या एका चाळीतून दोन आठवडे जुलाबाची पोरं येत होती आणि प्रत्येक रिपोर्ट एकच... वाढ नाही. शेवटी लतीफभाईंना सुगावा लागला. ते आमचे सीनियर टेक्निशियन, माझा जन्म झाला तेव्हापासून याच कामात. लॅबच्या डब्या संपल्या होत्या, म्हणून लोक घरच्या बाटल्या आणायचे. त्यातली एक उघडून त्यांनी माझ्या नाकासमोर धरली.

"सूंघो मॅडम. फिनाइल."

आयांना लाज वाटायची. डॉक्टरीणबाईच्या हातात द्यायची म्हणून त्या बाटली फिनाइलनं लखलखीत धुऊन आणायच्या, आणि त्यातच आतला जंतू मरायचा. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं — 'बाटली धुऊ नका. लाजू नका. लाज घाण पाणी सोडणाऱ्यांना वाटू द्या.' ते छापायला गेलं, हातात यायला आठवडा लागणार होता.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला लॅबच्या खिडकीशी एक बाई आली. तिशीची. हातात मधाची छोटी बाटली, लाल झाकणाची, झाकणाला एका बाजूनं चीर गेलेली. फॉर्म लतीफभाईंनी भरला. पेशंट आर्या, वय पाच. आईचं नाव रंजना. त्याच चाळीतली खोली, मोबाइल नंबर.

मी विचारलं, "बाटली धुतली नाही ना, ताई?"

"न्हाय धुतली. मागच्या टायमाला फिनेलनी धुतली व्हती, तर तुमच्याकडं कायच उगवलं न्हाय."

ती आधी आल्याचं मला आठवेना. पण खिडकीशी रोज इतके चेहरे येतात...

"उद्या दुपारपर्यंत कळेल. जुलाब जास्त असतील तर तिला आजच अ‍ॅडमिट करा."

"आता घाई न्हाय मॅडम," ती म्हणाली. "कशानी झालं, येवढंच सांगा."

इतकं सपाट बोलली की मी मान वर केली. ती जिन्याकडे वळली होती.

लतीफभाई पुटपुटले, "अजीब माँ है."

मंगळवारी सकाळी मी प्लेट बाहेर काढली आणि ओरडलेच. हिरव्या प्लेटवर पिवळेधमक ठिपके. पुढच्या चाचण्याही जुळल्या. कॉलरा! मी सही केली, रिपोर्ट आरोग्य विभागाला पाठवला आणि चाळीची पाण्याची लाइन ताबडतोब बंद करा म्हणून सांगितलं.

दोन तासांत तिथल्या साहेबांचा फोन आला.

"मॅडम, पेशंट कुठंय तुमचा? खोलीला कुलूप आहे. सगळे रविवारपासून खारबावला बहिणीकडे गेलेत, बारशाला. फॉर्मवरच्या नंबरावर बोललो मी. बाई म्हणते, कसली बाटली? माझी पोर ठणठणीत हाय."

मी फॉर्म काढून नंबर ताडून पाहिला.

"पाण्यावर पत्रकं काढता ना तुम्ही?" त्यांचा आवाज बदलला. "काढा की. पण रिपोर्ट म्हणजे पत्रक नव्हे."

आयुष्यात मला कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं. माझ्याकडे दुसरं आहे तरी काय? सही आणि शब्द. मी दिवसभर सगळं पुन्हा तपासलं. प्लेट तीच, नंबर तोच, अक्षर लतीफभाईंचं. कॉलरा होता. पेशंट नव्हता. आणि चाळीतला नळ चालूच राहिला.

गुरुवारी सकाळी खिडकीवर थापा पडल्या.

"मॅडम, लवकर करा वो! पोर पहाटेपासून पान्यासारखी जाते. खाली डाक्टर गोळ्या देऊन घरी जा म्हनतात!"

तोच चेहरा. हातात मधाची बाटली, लाल झाकण, झाकणाला तीच चीर. सोमवारची बाटली मी स्वतः ऑटोक्लेव्हच्या कडक वाफेत घालून नष्ट केली होती.

"तुम्ही... सोमवारी आला होतात ना?"

"मी? आवो, मंगळवारी सांजच्याला घरी आलो आम्ही. लॅब कुठं हाय तेबी वाचमनला इचारलं आता."

लतीफभाईंनी झाकण उघडलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बाटली माझ्याकडे सरकवली.

फिनाइलचा भपकारा.

सोमवारची बाई जो 'मागचा टाइम' म्हणत होती, तो हा होता. आत्ताचा. माझ्यासमोर. म्हणजे यातून काही उगवणार नव्हतं, पोर गोळ्या घेऊन घरी जाणार होती, आणि मग... आता घाई न्हाय.

मी जिन्यावरून अक्षरशः धावले. आर्या ओपीडीच्या बाकावर आडवी पडली होती.

"कॉलरा आहे. सलाईन लावा!" मी ड्युटीवरच्या डॉक्टरला म्हटलं.

"रिपोर्ट कधीचा?"

"मंगळवारचा."

"अहो, ती आजारी आज पडली ना?"

"आधी सलाईन लावा, मग भांडू!"

दुपारी तिचे डोळे खोल गेले, नाडी हाताला लागेना. सलाईन चालू होतं म्हणून ती सावरली. घरी असती तर... डॉक्टरच म्हणाला, नसती वाचली. संध्याकाळी चाळीची लाइन बंद झाली. फिनाइलवाल्या बाटलीतून, अर्थात, काहीही उगवलं नाही.

शुक्रवारी साहेब स्वतः लॅबमध्ये आले. "कॉलरा खरा निघाला, मानलं. पण तारीख खोटी आहे. नोंदवहीत सोमवारचं गुरुवार करा, रिपोर्टही मागं घेऊन नव्या तारखेनं द्या. विषय मिटला."

"सॅम्पल सोमवारी आलं."

"मग चौकशी लागेल. बनावट रिपोर्टची."

"लावा."

लतीफभाईंनी पेन काढलं आणि माझ्या सहीखाली आपली सही केली. "मेरा भी नाम लिखो साहब."

चौकशी अजून चालू आहे. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तोतया बाई? तिला बाटली, नंबर आणि तीन दिवसांनंतरचा आजार कुठून मिळाला? अदलाबदल? कुणाशी? त्या आठवड्यात दुसरं एकही सॅम्पल उगवलं नव्हतं. प्लेट फ्रीजमध्ये आहे, ज्याला तपासायची त्यानं यावं. मी पुनर्जन्म मानत नाही, भूत मानत नाही, आजही मानत नाही. पण हे काय होतं ते मला माहीत नाही.

आर्याला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी रंजना वर खिडकीशी आली. लतीफभाईंनी तिला सगळं सांगून टाकलं होतं. पोर कडेवर होती, बिस्किट चघळत. रंजनानं तिच्या तोंडावरचा चुरा पुसला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम... ती जी आली व्हती, सोमवारची... तिची पोर कशी हाय, काय बोलली का ती?"

मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "बरी आहे म्हणाली."

या सगळ्या प्रकरणात मी खोटं बोलले ते एवढंच.