गिळू नको

नमस्कार केला तरी सरोजक्कांचं उत्तर ठरलेलं असे: "गिळू नको." बंगळूरच्या एका हॉस्पिटलात त्या सोनोग्राफीच्या डॉक्टर होत्या. कानापुढची आणि जबड्याखालची लाळेची ग्रंथी मोजताना माणसानं गिळलं की पडद्यावरचं चित्र हलतं. ते वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की लिफ्टमध्ये भेटलेल्यालाही ऐकावं लागे.

नव्वदच्या दशकात मी त्यांच्याकडे नोंदी लिहायला होते. माझं शिक्षण इंग्रजीत आणि अक्षर नीट, म्हणून. ग्रंथी सुजली आहे असं म्हणायचं तर न सुजलेली केवढी असते, हे आधी ठाऊक हवं. "पुस्तकातली मापं परदेशी गालांची," असं म्हणून त्यांनी इथलीच शंभर निरोगी माणसं मोजायला घेतली होती. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं, मराठीत कन्नड मुरलेलं, आणि हात भयंकर चालायचा. मशीन अडलं की त्याला गुद्दा. मी एकदा दशांशचिन्ह विसरले, तर स्टीलचा ट्रे माझ्या डोक्यावरून भिंतीवर गेला. "अंदाज नको, माप सांग." तोच हात रोग्याच्या गालावर टेकला की लोणी होई.

शेवटी एक माणूस कमी पडला तेव्हा त्यांनी मलाच झोपवलं. "स्वल्प मान वळव. गिळू नको." उजवी बाजू झाली. डावीवर त्यांचा हात थांबला. तिकडची ग्रंथी बरीच जाड होती आणि आत साकळलेल्या रक्ताचा काळा डाग होता. न्हाणीघरात पडले, असं मी सांगितलं.

"नवरा उजव्या हाताचा ना तुझा?"

मी पदरानं गाल पुसून उठून बसले. त्यांनी वहीतली माझी ओळ लाल शाईनं खोडली. "निरोगी माणसांत तू बसत नाहीस. मूग गिळून किती वर्षं झाली?"

"अकरा," मी म्हणाले. हा आकडा मी प्रथमच कुणाला सांगत होते.

बाळांनो, घरात आजोबांचा फोटो का नाही, हे तुम्ही फोनवर विचारता. त्याचं उत्तर हे आहे. मी तुमच्या आईला घेऊन सरोजक्कांकडे राहायला गेले. तिसऱ्या दिवशी तुमचे आजोबा हॉस्पिटलात आले आणि सगळ्यांदेखत माझे केस धरून मला दारापर्यंत ओढत नेलं. मी ओरडलेसुद्धा नाही, सवय होती. सरोजक्कांनी तोच ट्रे फेकला. या वेळी तो भिंतीवर गेला नाही. आजोबा कपाळ धरून खाली बसले, बोटांमधून रक्त वाहू लागलं. सरोजक्का मोजपट्टी घेऊन शेजारी बसल्या आणि जखम मोजली.

"साडेतीन सेंटिमीटर. लिही ग."

मी लिहिलं, दशांशचिन्ह विसरले नाही. आजोबा म्हणाले, पोलिसांत जाईन. सरोजक्का शांतपणे म्हणाल्या, "सरी, बरं, चला. हिच्या गालाचं चित्र आहे, तेही घेते." आजोबा टाके घालून घेऊन गेले, ते परत आले नाहीत.

सहा महिन्यांनी सरोजक्कांनी मला पुन्हा झोपवलं. डाग विरला होता, दोन्ही बाजूंची मापं जुळली. त्यांनी वही उघडून पेन माझ्या हातात दिलं. नव्व्याण्णव ओळी भरलेल्या होत्या. शंभरावी त्यांनी तोवर कुणालाच दिली नव्हती.