जायफळाचे जास्तीचे वेढे

आज सूनबाई श्रीखंडासाठी जायफळ किसत होती. त्या वासाने मी थेट बेगमपेठच्या विमानतळावर पोचलो.

नव्या खासगी विमानांचे ते दिवस. कंपनीने मुंबईची तिकिटं दिली होती. काचीगुड्याच्या घरात शालिनीने तान्ह्या मंजूसाठी बाळगुटी उगाळली आणि ती पदर सावरायला आत गेली. जायफळाचा एकच वेढा द्यायचा, जास्तीने बाळ गुंगतं, हे मलाही ठाऊक होतं. पण साहेब त्याच विमानात असणार होते. मंजू रडू नये म्हणून मी सहाणेवर गुपचूप आणखी वेढे दिले.

विमानात मंजू डोळे उघडेना. शालिनी तिच्या तळपायांना टिचक्या मारत राहिली. शेजारच्या सीटवरच्या खालाजान म्हणाल्या, "बेटी, ऐसी नींद अच्छी नै."

"अहो, माझ्याच हातून गुटीत काही जास्त पडलं का हो?" शालिनीने विचारलं.

"पडलं असेल," मी खिडकीबाहेर बघत म्हणालो.

मुंबईला उतरल्यावर मंजू रडली. शालिनीने मात्र पुढे नातवंडांनाही कधी गुटी दिली नाही. "माझ्या हाताचा भरवसा नाही," म्हणायची. तसंच म्हणत ती गेली.

आज मंजूला फोनवर सगळं सांगितलं.

"बाबा, हे आईला सांगायचं होतं," एवढंच म्हणाली.