काकूंची भांडणं गोळा करणारे गुरुजी

आमच्या अमडापुरात कुणी गेलं की लाकडांच्या आधी गुरुजींना निरोप जाई. चिता पेटली की ते दोन पावलं पुढे येत, टोपी सारखी करत आणि श्रद्धांजली वाहत. त्यांच्या भाषणात मेलेला प्रत्येक जण मनमिळाऊ असे. जन्मभर शेजाऱ्याचा बांध कोरणाराही सरळमार्गी ठरे. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "गेलेल्याचं वाईट बोलू नाही बे. त्याले काय उत्तर देता येते?"

मग त्यांच्याच घरातून त्यांच्या पत्नी सुमनकाकू गेल्या. काकू म्हणजे गल्लीची तोफ. त्या दिवशी गुरुजी बोलायला उठले आणि नुसतेच खाली बसले.

तेरवी झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. संगणकाच्या नोकरीतल्या लेकीनं त्यांच्या फोनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचं काहीतरी बसवून दिलं होतं. गेलेल्या माणसाचा जुना आवाज द्यायचा, त्याच्याबद्दल सांगत राहायचं, की तो बोलायला लागतो. "आज नुसती बोलंल," गुरुजी म्हणाले, "पुढं शास्त्र वाढलं की उठूनबी बसंल. तवर ती शाबूत राह्यली पाह्यजे."

आवाज लेकीच्या लग्नाच्या व्हिडिओतून मिळाला. माहिती गुरुजींनी स्वतः सांगितली: सुस्वभावी, मितभाषी, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारी.

फोनमधून काकू म्हणाल्या, "दमला असाल. चहा ठेवू का?"

गुरुजींचा चेहरा पडला. "हे कोण बाई हाय बे? चहा मांगितला तं हिनं मले कधी सरळ उत्तर देल्लं नाही."

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी फोन घेऊन दारोदार फिरू लागले. "आमची बायको तुमच्याशी काऊन भांडली होती, तेवढं सांगा." कुणी सांगेना. जो तो म्हणे, देवमाणूस होत्या. "हे मीच शिकवलं सगळ्यायले," गुरुजी करवादत.

शेजारच्या गोदाबाई म्हणजे काकूंची कट्टर वैरीण. गुरुजी रोज त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. शेवटी त्या वैतागल्या. "मंग ऐकाच. माह्या वाळत घातलेल्या कुरोड्यायवर तिनं मुद्दाम बकरी सोडली. अन् वरून म्हणे, तुह्या कुरोड्यायले बकरीबी तोंड लावत नाही." पुढं तासभर त्या थांबल्या नाहीत. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "तिच्यासारखं भांडणारं कोणी उरलं नाही हो."

संध्याकाळी गुरुजींनी फोनला चहा मागितला. उत्तर आलं, "काऊन, हात मोडले काय?"

गुरुजी किती तरी वेळ चष्मा पुसत बसले. "आली," म्हणाले. "पण अर्धीच. माहेरावरचा राग बाकी हाय." देऊळघाटच्या धाकट्या भावाशी काकूंनी मरेपर्यंत अबोला धरला होता. सोमवारी त्याच्याकडे जायचं आम्ही ठरवलं.

रविवारी पहाटे गुरुजीच झोपेत गेले.

लेकीनं तो फोन माझ्या हातात ठेवला.  मी देऊळघाटची गाडी पकडली.

काकूंच्या भावानं मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. "बहिणीचं सांगतो ना," तो म्हणाला. "पण पह्यले भाऊजीचं ऐका. असा हेकट माणूस तुम्ही पाह्यला नसंल."

मी फोन त्याच्याजवळ सरकवला. "सांगा," म्हटलं. "काही सोडू नका."