परत दिलेली सुपारी

आमच्या घराच्या मधल्या भिंतीत एक जाड खुंटी होती. पूर्वी तिच्यावर माझ्या वडिलांची, आबांची हलगी टांगलेली असायची, असं आई सांगे. मी पाहिली ती नुसती खुंटीच. छप्पन्न साली वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच आठवड्यात आबांनी ती हलगी कृष्णेत सोडून दिली आणि गावाचं वाजवणं आजपासून बंद, असं पाटलाच्या दारात जाऊन सांगून आले. त्यानंतर त्यांना काय काय सोसावं लागलं, ते त्यांनी घरात कधी बोलून दाखवलं नाही. ते रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. हात सोलवटलेले असायचे, पण कामावरून येताना मान ताठ असायची.

हलगीविषयी त्यांच्या तोंडून मी एकच गोष्ट ऐकली. वरातीत घोड्यापुढं वाजवणाऱ्यानं नवरदेवाला पाठ दाखवायची नसे. तोंड घोड्याकडं ठेवून उलटं चालत जायचं. एकदा असंच चालताना ते दावणीच्या खुंट्याला अडखळून उताणे पडले. "सगळी वरात हसली. नवरदेव बी हसला. आन् मी पडल्या पडल्या वाजवतच हुतो," एवढं सांगून आबा उठून बाहेर गेले. मीही हसलो होतो. लहान होतो, कुणी पडलं की हसू येतंच. पण त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

अशा बापाच्या पोटी मी जन्मलो आणि मला वाजवण्याचं वेड लागलं. नशिबानं थट्टा करायची म्हणजे किती करावी!

शिकायला मी सातारला बोर्डिंगात होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लग्नात वाजवणाऱ्या एका बँडची खोली होती. बँडचे मास्तर पलटणीच्या बँडातून रिटायर होऊन आलेले. मिशा पांढऱ्या, पायांत बूट, आणि मध्येच पलटणीतलं हिंदी. त्यांची क्लॅरोनेट ऐकत मी दारात उभा राहायचो. आधी दारात, मग उंबऱ्यावर, मग आत. एक दिवस त्यांनी ते काळं लाकूड माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "फूंक मत मारो. दम पकडो." पहिले पंधरा दिवस नुसता बदकासारखा आवाज निघत होता. सोळाव्या दिवशी सूर लागला आणि मी पार बिघडलो. अभ्यासाचं वाटोळं झालं नाही, हे माझं भाग्य. मॅट्रिक होईपर्यंत मी सुट्टीच्या दिवसांत लग्नंही वाजवू लागलो होतो. घरी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

मॅट्रिकचा निकाल लागल्यावर आबा मला इस्लामपूरच्या बाजूच्या एका साखर कारखान्यावर घेऊन गेले. तिथल्या टाइम ऑफिसच्या साहेबांच्या ओळखीचं कुणी तरी आबांच्या ओळखीचं होतं. म्हणजे ओळख होती असं आबांना वाटत होतं. साहेबांनी मार्कशीट उलटसुलट पाहिली. "मॅट्रिक तर ढीगभर पडलेत. याला आणखी काय येतं?"

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "क्लॅरोनेट लय झ्याक वाजवतंय, सायब."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आबा, तुमाला कसं ठावं?"

"सातारला आलो हुतो येकदा. गल्लीत हुबा ऱ्हाऊन आयकलं."

"मग मला भेटला न्हाई ते?"

"तू वाजवत हुतास न्हवं," ते म्हणाले आणि एस.टी.च्या दिशेनं चालू लागले. आयुष्यात त्यांनी माझं तेवढं एक कौतुक केलं, आणि तेही भलत्या माणसापुढं.

कारखान्याकडून पुढं वर्षभर काही हालचाल नव्हती. मी सातारला राहून मास्तरांबरोबर वाजवत होतो. त्या वर्षी मास्तरांचा दम कमी पडू लागला. वरात अर्ध्यावर आली की ते क्लॅरोनेट खाली घ्यायचे आणि मला खूण करायचे. एके दिवशी सगळ्या वाजवणाऱ्यांसमोर ते म्हणाले, "आता मोहरं तू. मी मागं बसून हुकूम सोडतो. माज्या मागं बँड तुजा."

मला वीस वर्षं पुरी व्हायची होती. मला दुसरं काही नको होतं.

लगेच मेढ्याकडचे लोक लग्नाची सुपारी घेऊन आले. आमच्या धंद्यात बोलणी पक्की झाली की समोरचा माणूस विड्याच्या पानावर सुपारी ठेवून हातात देतो. ती घेतली की शब्द दिला. घरात कुणी दगावलं तरी वाजवणारा त्या दिवशी त्या दारात उभा राहतो. सुपारी परत करणं म्हणजे लग्नघराला अपशकुन आणि स्वतःच्या धंद्याला काळिमा. मास्तर म्हणाले, "हात पुढं कर. मोहरला माणूस घेतो सुपारी." मी घेतली. रुमालात बांधून तीन दिवस खिशात घेऊन हिंडलो.

चौथ्या दिवशी आबा कागद घेऊन बोर्डिंगच्या गल्लीत हजर. कारखान्यानं शिपाई म्हणून घेतलं होतं. हंगामी, पण पुढं कायम होण्याची आशा होती. रुजू व्हायची तारीख लग्नाच्या आदल्या दिवसाची.

मी त्यांच्याबरोबर गावी गेलो आणि जेवताना विषय काढला. मनात उजळणी केलेली होती. म्हटलं, "आबा, तुमचं वाजवणं येगळं आन् माजं येगळं. तुमाला गावानं जुपलं हुतं. तुमाला न्हाई म्हनता येत न्हवतं. मला लोक सुपारी देत्यात. नको वाटलं तर मी घेनार न्हाई."

आबांनी घास खाली ठेवला. "सुपारी घेतली काय आन् भाकरी घेतली काय, दारात हुबं ऱ्हायचं त्येच न्हवं? पंगत बसली की तुला कुटं बशिवत्यात रं?"

बँडवाल्यांना मांडवाच्या मागं, भांडी घासतात त्या बाजूला बसवत. मास्तर म्हातारे होते म्हणून त्यांना एक पाट मिळायचा.

"पोरा, नोकरीत कुनी म्हननार न्हाई, वाजव. खुर्चीम्होरं हुबं ऱ्हाशील, पर घोड्याम्होरं न्हाई." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं. "म्या नदीत काय सोडलं, तुला ठावं न्हाई."

आई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "दोगांचं बी खरं हाय. मग म्या कुनाकडं बगू?" आणि तिनं माझ्या ताटात न मागता भाकरी वाढली.

खरं सांगायचं तर मी ठरवलं असं काही नाही. दोन दिवस मी घरात बसून राहिलो आणि तेवढ्यात ठरून गेलं. आबांच्या हातांकडं पाहून मला नाही म्हणता आलं नाही. रागही आला, फार आला. पण तो काढणार कुणावर?

सातारला जाऊन मी रुमाल मास्तरांपुढं सोडला. त्यांनी सुपारी उचलली आणि खिशात टाकली. मग म्हणाले, "लग्न मी वाजवीन. तू त्याची काळजी नको करू." त्यांचा दम किती उरला होता, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. निघताना त्यांनी जुनी क्लॅरोनेट माझ्या पिशवीत घातली. "रोज दोन मिंटं वाजवत जा. पडून राहिली तर लाकूड तडकतं." मी त्यांच्या पाया पडलो. त्या लग्नात त्यांनी कसं वाजवलं, हे मी कधीच कुणाला विचारलं नाही.

कारखान्यावर खाकी कपडे मिळाले. मी हजेरीपट उचलायचो, निरोप पोचवायचो, साहेबांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसायचो. राहायला चौघांत एक खोली होती. क्लॅरोनेट ट्रंकेत कपड्यांखाली. दोन मिनिटं वाजवीन म्हणायचो, पण पाळीवरून आलेली माणसं झोपलेली असायची. मग मी तोंडाशी बसवायची वेताची पत्ती नुसती जिभेवर ओली करून परत ठेवून द्यायचो.

दिवाळी झाल्यावर पुढच्या गळिताचा मुहूर्त ठरला. उसाची पहिली मोळी गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर टाकायला मोठे पाहुणे येणार होते. कामगारांनी घरच्यांना आणावं, पेढे मिळतील, असं सांगितलं होतं. आबा पहिल्या एस.टी.नं आले. धुवट धोतर, नवी टोपी. पोरगा कुठं बसतो ते पाहायला ते वर्षभर थांबले होते. मी त्यांना माझं स्टूल दाखवलं. त्यांनी त्यावर हात ठेवून पाहिला.

सांगलीहून बँड सांगितला होता. त्यांची गाडी वाटेत बंद पडली आणि पाहुणे वेळेआधी फाटकात आले. जवळच्या वाडीवरचे दोन हलगीवाले तेवढे हजर होते. टाइम ऑफिसचे साहेब घाम पुसत इकडून तिकडं धावत होते. धावता धावता त्यांची नजर आमच्यावर पडली. आधी आबांवर, मग माझ्यावर.

"अरे, तू क्लॅरोनेट वाजवतोस ना? तुझ्या बापानंच सांगितलं होतं. आण ती. पळ."

आबा पुढं झाले. "सायब, पोरगं नोकरीला हाय हितं."

"म्हणूनच तर सांगतोय," साहेब म्हणाले. त्यांना त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. ते वाईट माणूस नव्हते, घाईत होते.

मी हंगामी होतो. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि आबांकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून लिहिता येत नाही. बोललेला शब्द गिळून टाकता आला असता तर त्यांनी तो तिथंच गिळला असता. मी खोलीकडं पळालो.

लाकूड तडकलं नव्हतं. फाटकापाशी मी वाजवायला सुरुवात केली, मागून हलग्या लागल्या आणि पाहुणे चालू लागले. मी त्यांच्या पुढं चालू लागलो तसे साहेब कानाशी येऊन म्हणाले, "पाठ करू नको त्यांच्याकडं. फिर इकडं."

मी फिरलो. तोंड पाहुण्यांकडं, पाय मागं. फाटकापासून गव्हाणीपर्यंत उसाच्या गाड्यांनी जमीन पार उखणून ठेवली होती. मागचं काही दिसत नव्हतं. मला कुणी सुपारी दिलेली नव्हती. मी वाजवत होतो आणि पहिल्या चाकोरीत माझी टाच घसरली.

पडलो नाही. पाठीवर एक हात आला. मागं वळून पाहायची गरज नव्हती; खडी फोडून झालेले ते घट्टे खाकी कापडातूनही कळत होते. कानाशी आवाज आला, "डाव्या अंगाला सर. हितं खड्डा हाय. आता उजवा पाय उचल. हां. मी हाय."

गव्हाणीपर्यंत तो हात तसाच होता. मोळी पडली, टाळ्या वाजल्या, मी क्लॅरोनेट खाली घेतली, तेव्हा तो हात निघाला. आबांनी पेढा घेतला नाही. दुपारच्या गाडीनं परत गेले. आम्ही त्याविषयी तेव्हाही बोललो नाही आणि नंतरही नाही.

पुढच्या हंगामात मी कायम झालो. मोळीच्या दिवशी बँड सांगायचं मग कारखान्यानं सोडूनच दिलं. घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला? आबांना मी कधी बोलावलं नाही. पण दरवर्षी त्या दिवशी ते पहिल्या एस.टी.नं यायचे आणि फाटकापाशी माझ्या मागं येऊन उभे राहायचे.