मधल्या भिंतीतलं फाटक

लोहारा गावाच्या पुढे लेआऊट पडला, तेव्हा ताईनं आणि मी लागून लागून प्लॉट घेतले. ती शाळेत शिक्षिका, मी सरकारी दवाखान्यात नर्स. घरं बांधताना तिनं मिस्त्र्याला सांगून मधल्या भिंतीत एक लहानसं लोखंडी फाटक बसवून घेतलं.

भाऊजी म्हणाले, "कायले पाहिजे ते? रस्त्यानं दोन पावलं तर हाये."

"मले गाऊनवर रस्त्यानं जायचं नाही," ताई म्हणाली.

तेव्हा तिथं काहीच नव्हतं. पावसाळ्यात काळ्या मातीत चप्पल रुतून बसायची आणि ऑटोवाला मोठ्या रस्त्यावरच उतरवून द्यायचा. मग हळूहळू डांबर आलं, नळ आले, कोपऱ्यावर किराणा आणि मेडिकल उघडलं, बुद्धविहार झालं. बगीचा होणार, असं मात्र नुसतंच ऐकत होतो. ताई त्यासाठी नगरपरिषदेत खेटे घालायची.

बगीच्याचं काम लागलं त्याच हिवाळ्यात तिच्या पोटात पाणी झालं. नागपूरला नेलं. रिपोर्ट आधी मी वाचला, त्यामुळे तिला सांगणंही माझ्याकडेच आलं. ऐकून ती एवढंच म्हणाली, "पोराले आत्ताच नको सांगू. नवी नोकरी हाये त्याची."

शेवटी शेवटी मी दिवसभर त्या फाटकातून ये-जा करत असे. कधी इंजेक्शन घेऊन, कधी भाताची पेज घेऊन. एका संध्याकाळी तिला व्हीलचेअरवर बसवून बगीचा दाखवायला नेलं. झोपाळे लागले होते, पोरांची झुंबड होती. ती थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "चाल, घरी चाल. ऊन लागून राह्यलं मले."

ऊन कधीच उतरलं होतं. मी खुर्ची वळवली. त्याच आठवड्यात ती गेली.

भाऊजींना मुलानं पुण्याला नेलं आणि घर विकलं. नवीन आलेली माणसं चांगली आहेत. एका रविवारी ते गृहस्थ आले. "मॅडम, पोरं लहान आहेत आमची, केव्हाही बाहेर पळतात. ते मधलं फाटक बंद करतो म्हणत होतो. तुमची हरकत नाही ना?"

"नाही, करा ना," मी म्हणाले. हरकत घ्यायला कारण काय सांगणार होते?

मिस्त्र्याला सिमेंट कालवायला पाणी मीच दिलं. विटा चढत गेल्या तशी ताईच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसेनाशी झाली. मी आत येऊन पोळ्या लाटत बसले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या दाराची बेल वाजली. त्या गृहस्थांची बायको होती. दूध कुठून घेता, नळ कधी येतो, पोरांना डॉक्टर कोणता, असं विचारत होती. मी तिला बसवून सगळं नीट सांगितलं. बगीचा संध्याकाळी उघडतो, तेही सांगितलं.

"बरं झालं बाई, सगळं जवळच आहे इथं," ती खूश होऊन म्हणाली.

"हो," मी म्हणाले. तिला दारापर्यंत सोडलं, कडी लावली आणि तिथंच दाराला पाठ टेकून रडले. ताई गेली त्या दिवशीही मी इतकी रडले नव्हते.