सात रुपयांचा फरक

मनवा परुळेकरला हिशेब येत नाही, असं करी रोडच्या त्यांच्या बिल्डिंगीत कुणी म्हणून तर बघावं! सोसायटीचा ऑडिटरसुद्धा अडला की तिचं दार वाजवायचा. आणि हीच पोरगी सीए फायनलच्या पहिल्या ग्रुपला तीनदा आपटली होती. दुसरा ग्रुप कधीच निघाला, हा मेला पहिला काही केल्या सुटेना. चौथ्यांदा फॉर्म भरला त्या रात्री तिनेच जेवताना जाहीर केलं, "ही शेवटची. नाही झालं तर पुस्तकं रद्दीत, आणि मी त्या परळच्या ऑफिसात कायमची असिस्टंट." आईबाबांचा घास हातातच राहिला.

मागच्या खेपेच्या तपासलेल्या पेपरच्या प्रती तिने मागवून घेतल्या होत्या, पण उघडायचा धीर होत नव्हता. दादरच्या अभ्यासिकेत तिच्या शेजारी बसणारा शंतनु आदल्या वर्षी पास झाला होता. त्यानेच पाकीट फोडलं. वर होता फायनान्शियल रिपोर्टिंगचा पेपर. दोन कंपन्यांचा मिळून एक ताळेबंद करायचा, चौदा मार्कांचा प्रश्न. त्यावर सहा पानं, नुसती खाडाखोड. आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे!

"वेडी आहेस का तू? चौदा मार्कांना पंचवीस मिनिटं. तू तास घालवलास!"

"अरे, पण दोन्ही बाजू जुळत नव्हत्या."

"मग सोडायचं! मार्क पायऱ्यांना असतात. बेरीज नाही जुळली तर एखाददुसरा जाईल. कोऱ्या पानाला काय देणार ते, प्रसाद?"

सोडायचं म्हणे. बोलायला काय जातं! मनवाचे बाबा रमाकांत, लालबागच्या एका पतपेढीत तीस वर्षं हिशेबनीस होते, आता निवृत्त. एका मार्चअखेरीला त्यांच्या हिशेबात सात रुपयांचा फरक आला. साहेब म्हणाले, खिशातून टाका आणि घरी जा. बाबा हलले नाहीत. दोन दिवस व्हाउचरं उपसली आणि सात रुपये शोधून काढले. हा किस्सा शेजारच्या कमळाबाई आल्यागेल्याला सांगायच्या, आणि वर म्हणायच्या, "पोरगीपण जन्मली ती एकतीस मार्चलाच हो!" किस्सा सुरू झाला की मनवाची आई, नलू, काहीतरी काम काढून स्वयंपाकघरात जायची. मनवा मात्र तो ऐकतच मोठी झाली होती. न जुळलेला ताळेबंद सोडून पुढे जाणं म्हणजे तिला जेवणाच्या ताटावरून उष्ट्या हाताने उठल्यासारखं वाटायचं.

शंतनुने तिला एकच औषध सांगितलं. वाचन पुरे. ऑफिसातून रजा काढून रोज दुपारी दोन ते पाच, घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहायचा. सुपरवायझर म्हणून बाबा हौसेने बसले, आणि तिथेच घोळ झाला. पंचवीस मिनिटं झाली की ते घड्याळाकडे बघायचे, मग तिच्या वहीकडे, आणि हळूच म्हणायचे, "थोडक्यात आहे गं, मागची वजाबाकी बघ ना." असे तीन पेपर अर्धवट राहिले. परीक्षा महिन्यावर आली. मनवा चिडून रडायला लागली.

चौथ्या दिवशी आई पदराला हात पुसत आली आणि खुर्ची ओढून बसली. तिला ताळेबंदातलं ओ की ठो कळत नव्हतं. पंचवीस मिनिटं झाली. "ठेव पेन गो."

"आई, दोनच मिनिटं!"

"नलू, सापडेल गं तिला," बाबा आतून ओरडले.

"तुमची दोन मिनिटं मला ठाऊक आहेत," आई म्हणाली आणि तिने पान उलटून टाकलं. तिचा आवाज असा काही होता की बाबा चप्पल घालून खाली निघून गेले.

महिन्याभरात असे वीस पेपर झाले. एकाही पेपरात आईने दया दाखवली नाही.

परीक्षेच्या दिवशी तसाच ताळेबंद समोर आला. मनवाने सगळं मांडलं, बेरजा मारल्या, आणि फरक आला चार लाखांचा. कुठे गेले चार लाख? गुडविल? बुडीत कर्ज? पंचवीस मिनिटं झाली. सव्वीस. बोटं घामाने ओली, पेन सटकायला लागलं. शेवटची संधी, आणि पहिलाच मोठा प्रश्न उघडा टाकायचा? सत्ताविसाव्या मिनिटाला तिने जवळजवळ ऐकू येईल असं म्हटलं, "ठेव पेन गो," आणि पान उलटलं. पुढे कुठलाच प्रश्न कोरा ठेवला नाही. शेवटी सात मिनिटं उरली, तेव्हा ती मागे गेली. फरक नाही सापडला. घंटा झाली.

फाटकावर बाबा उभे. "जुळला?"

"नाही. चार लाख सोडून आले."

बाबांनी तिची बॅग घेतली आणि चालायला लागले.

निकाल लागला. मनवा पास! त्या पेपरात त्रेपन्न. घरात पेढे, गोंगाट, आणि कमळाबाईंनी लगेच सुरुवात केली, "बापाचंच रक्त हो! एका मार्चअखेरीला सात रुपयांसाठी..."

आई उठली. बाबांनी तिचा हात धरला. "थांब नलू. आज किस्सा पुरा सांगतो." मग ते वळले. "कमळाबाई, ते सात रुपये सापडले तेव्हा ही पोरगी दीड दिवसाची झाली होती. केईएम हॉस्पिटलात नलू एकटी होती. निरोप तीनदा आला. मी म्हटलं, दोनच मिनिटं."

मनवा आईकडे बघत राहिली. आईने हात सोडवून घेतला नाही, ती तिथेच खाली बसली. "पेढा द्या मला," ती म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लं नाही."