पिवळा अंगठा

द्राक्षबागेवरून गंधकाचा वास आला, की मला सायखेड्याच्या घरातली ती दुपार आठवते. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते, घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. "रोज एक पान लिहा, मन मोकळं होतं," असं आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या, म्हणून शेतीऔषधांच्या दुकानातून वडिलांना मिळालेल्या डायरीत मी लिहायचे आणि ती गाद्यांखाली लपवायचे. त्या दुपारी घरी आले, तर ती डायरी वडिलांच्या मांडीवर उघडी होती. गंधकाची पावडर मारून आलेले हात त्यांनी धुतलेही नव्हते. त्यांना वाचता येत नव्हतं. "वाच," ते म्हणाले. रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते, आणि त्या पानावर मी लिहिलं होतं, की लग्न ठरवलं तर मी घर सोडून जाईन. "आज कॉलेजात कविता शिकवली. मग डबा खाल्ला," मी वाचलं. वडिलांनी पानावरून अंगठा सावकाश खालपर्यंत फिरवला. "एवढंच? पान तर पुरं भरलंय. आन् हितं पेन दाबून कागद फाटलाय. डबा खाताना व्हय गं?" मग मी खरं वाचलं. ते डायरी मिटून उठले. "हे आईला वाचून दावू नको," एवढंच म्हणून बागेकडे निघून गेले. रविवारी पाहुणे आले नाहीत. का, ते मी कधी विचारलं नाही. आजही रोज लिहिते, पण एखादं खोटं वाक्य उतरलं, की वाटतं, तो अंगठा आता इथे येऊन थांबेल.